नेमबाजीची जुनी पिस्तुले आणि त्यांची मूळ कागदपत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील वाचक ही पिस्तुले आणि कागद जमवण्याच्या छंदाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे असून शेवटचे प्रश्न अडचणीच्या प्रकरणांचे आहेत. कायद्याविषयीची उत्तरे दिशा दाखवण्यापुरती आहेत. प्रत्यक्ष अर्ज करण्याआधी शस्त्र परवाना शाखेत चौकशी अवश्य करावी.

१. नेमबाजीचे पिस्तूल आणि साधे पिस्तूल यांत फरक काय?

साधे पिस्तूल कमरेला लावून फिरण्यासाठी घडवलेले असते, तर नेमबाजीचे पिस्तूल एकाच जागी पुन्हा पुन्हा छर्रा किंवा गोळी पोहोचवण्यासाठी. मागची साइट, म्हणजे नेम धरण्याची खाच, स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येते, दोन साइटमधले अंतर जास्त असते, ट्रिगर हलका आणि जुळवता येण्याजोगा असतो, आणि लाकडी मूठ तळहाताच्या आकाराने कोरलेली असते. स्पर्धेच्या नियमांनी हा आकार ठरवला आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा हवा, पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाला ट्रिगरच्या वजनाचे बंधन नव्हते आणि मुठीच्या आकारावरही फार थोडी बंधने होती, म्हणूनच त्याची मूठ हाताला चहूबाजूंनी वेढणारी दिसते. कोणत्या नियमाने पिस्तुलाला हा आकार दिला, हे ओळखता येऊ लागले की या छंदाची खरी गोडी लागते.

२. किती जुने पिस्तूल ‘जुने’ समजावे?

संग्राहकांमध्ये वयापेक्षा एक वेगळी कसोटी अधिक उपयोगी पडते : ज्या स्पर्धेसाठी ते पिस्तूल घडले, ती स्पर्धा किंवा तिचा नियम अजून जिवंत आहे का? पंचवीस मीटर रॅपिड फायर प्रकारात २००४ पर्यंत .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस चालत असे, २००५ पासून .२२ लाँग रायफल आले आणि वॉल्थर ओएसपीसारखी सुरेख पिस्तुले एका फटक्यात स्पर्धेबाहेर गेली. पन्नास मीटर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये शेवटचे २०१६ साली रिओ येथे झाले. अशा बंद पडलेल्या वाटेवरची पिस्तुले वयाने लहान असली तरी संग्रहात मानाने बसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र वयाला वेगळा अर्थ आहे. त्यासाठी प्रश्न १६ पाहावा.

३. माझ्याकडे शस्त्र परवाना नाही. तरी हा छंद सुरू करता येईल का?

येईल, आणि बहुतेकांनी तेथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. नळीचा व्यास .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत असलेल्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. नेमबाजीची जुनी एअर पिस्तुले या मर्यादेच्या बरीच आत असतात. तरीही खरेदीची पावती जपून ठेवावी आणि प्रवासात पिस्तूल बंद पेटीतच न्यावे, कारण रस्त्यावरच्या माणसाला किंवा गस्तीवरच्या शिपायाला दुरून ते एअर पिस्तूल आहे हे कळणार नाही.

पाहण्यासारख्या नमुन्यांपैकी बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे १९२४ चे मार्क वन हे एक. त्याची नळी मागच्या टोकाकडून उचलून पुढे नेली की आतली स्प्रिंग दाबली जाते. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीचे मॉडेल ६५ हे १९६५ मध्ये आले. छर्रा सुटताना त्याचा वरचा भाग रुळांवरून मागे सरकतो आणि स्प्रिंगचा झटका हातापर्यंत पोहोचतच नाही. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा झटका हा नेमबाजाचा जुना शत्रू होता, आणि त्यावर शोधलेला इतका देखणा उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. पाच पिस्तुले घेण्यापेक्षा खोका, पुस्तिका आणि चाचणी टार्गेट (प्रश्न ९ पाहावा) यांसह एकच चांगले पिस्तूल घ्यावे.

४. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या पिस्तुलासाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि किती शस्त्रे ठेवता येतात?

छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तेथील रहिवाशांचा परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतो. मराठवाड्यात इतरत्र जिल्हाधिकारी हे जिल्हा दंडाधिकारी या नात्याने परवाना देतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारशाने आलेले शस्त्रही याच दोनांत मोजले जाते. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीतील युनिक आयडेंटिफिकेशन नंबर असलाच पाहिजे.

नेमबाजांना केंद्र सरकारच्या अधिसूचनेने जास्त शस्त्रांची सवलत दिली आहे, परंतु ती खेळातील कामगिरीने मिळालेल्या दर्जावर आधारलेली आहे, संग्राहक असण्यावर नव्हे. ‘मला जुन्या वस्तूंची आवड आहे’ एवढ्या कारणावर तिसरे शस्त्र मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

५. आजोबांच्या परवान्यावर .२२ चे पिस्तूल होते. ते गेले. आता ते आमच्याकडे राहील का?

आपोआप राहत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक निवर्तल्यावर शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे आणि तपशीलवार पावती घ्यावी. त्यानंतर वारसांपैकी एकाने, इतर वारसांच्या ना हरकत प्रतिज्ञापत्रांसह, आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या नियमांतील नियम २५ वारसांसाठीच आहे, आणि त्यात आणखी एक सोय आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते : परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. आजोबा हयात असतील तर हा मार्ग धरावा. त्यांच्या हातून मिळालेली माहिती, जुन्या स्पर्धांची प्रमाणपत्रे, पिस्तूल कोणाकडून घेतले याची आठवण, हे सारे त्याच वेळी लिहून घेता येते.

६. जुना वाडा उतरवताना माळवदाखालच्या दिवळीत पिस्तूल सापडले. कागद एकही नाही. काय करावे?

ते हाताळू नये, त्याचे छायाचित्र कोणाला पाठवू नये, आणि ते पिशवीत घालून स्वतः ठाण्याकडे निघूही नये. पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, घराची मालकी आणि ते कोणत्या परिस्थितीत सापडले हे नमूद करावे, पंचनामा करून ते ताब्यात देण्याची तयारी दाखवावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. परवाना नसलेले अग्निशस्त्र जवळ ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे, म्हणून वकिलाचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा. कुटुंबात पूर्वी परवाना असल्याचा एखादाही कागद पेटीतल्या जुन्या खातेवह्यांत आढळला तर तो जपून ठेवावा. प्रश्न ५ मधल्या मार्गाला त्याचा आधार मिळतो.

७. पिस्तूल मोडलेले आहे, उडतच नाही. मग ते भिंतीवर शोभेला लावता येईल ना?

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील सूट कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना आहे खरी, पण अट अशी की दुरुस्ती करूनही किंवा न करताही ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. स्प्रिंग तुटली, फायरिंग पिन गंजली, एवढ्याने ही अट पुरी होत नाही, कारण कसलेला कारागीर ती बदलू शकतो. हा निर्णय मालकाने स्वतः घ्यायचा नसतो. परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर मिळवावे. आणि सूट मिळवण्यासाठी चांगल्या पिस्तुलाची नळी कापून घेणे किंवा तिच्यात शिसे ओतणे हा मी त्या वस्तूवरचा अत्याचार समजतो.

८. ‘मूळ कागदपत्रे’ म्हणजे नेमके कोणते कागद?

पिस्तुलाबरोबर कारखान्यातून निघालेले आणि पुढे मालकाच्या हाती जमा झालेले, असे दोन्ही. पहिल्या प्रकारात खोका व त्यावरचे क्रमांकाचे लेबल, वापराची पुस्तिका, सुट्या भागांचा तक्ता, हमीपत्र, साइट जुळवण्याचा स्क्रूड्रायव्हर, नळी साफ करण्याची सळई आणि कारखान्याचे चाचणी टार्गेट येते. दुसऱ्यात विक्रेत्याची पावती, जकातीचा कागद, परवान्याची जुनी पुस्तिका, नूतनीकरणाचे शिक्के, क्लबचे सदस्यपत्र, स्पर्धेची गुणपत्रके आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मोडतात.

नवखे संग्राहक पहिला प्रकार जपतात आणि दुसरा टाकून देतात, हे पाहून वाईट वाटते. पुस्तिका हजारो छापल्या गेल्या. परंतु अमुक पिस्तूल अमुक गावच्या माणसाने अमुक साली घेतले आणि इतकी वर्षे त्याचा परवाना नूतनीकरण करून सांभाळला, हे सांगणारी पुस्तिका जगात एकच असते. बीड जिल्ह्यातील एका घराण्याकडे मी पाहिलेल्या परवान्याच्या पानांवर दर नूतनीकरणाला शाईचा रंग, शिक्क्याचा घेर आणि कारकुनाचे अक्षर बदलत गेलेले होते, आणि एका पानाच्या कडेला पेन्सिलीने काडतुसांचा हिशेब मांडलेला होता. त्या पिस्तुलापेक्षा ती पाने मला मोलाची वाटली.

कोल्ट कंपनीचा दफ्तर विभाग आणि स्मिथ अँड वेसनच्या संग्रहाची संस्था जुन्या नोंदी पाहून शुल्क घेऊन पत्र देतात. पिस्तूल कारखान्यातून केव्हा आणि कोणाकडे रवाना झाले, हे त्यावरून कळते. असे पत्र मूळ कागद नव्हे, पण हरवलेल्या मूळ कागदाची काही उणीव ते भरून काढते.

९. चाचणी टार्गेट खरे की बनावट, हे घरी कसे ओळखावे?

चाचणी टार्गेट म्हणजे कारखान्यात त्याच पिस्तुलाने झाडून पाहिलेले लहान पुठ्ठ्याचे पत्रक. त्यावर छर्ऱ्यांची भोके, पिस्तुलाचा क्रमांक आणि सहसा तारीख व तपासनिसाची सही असते. ते उजेडासमोर धरावे. खऱ्या भोकाच्या कडेला शिशाची करडी कड उमटलेली असते, आणि मागच्या बाजूला कागदाचे तंतू बाहेर फाटलेले असतात. पंचने किंवा सुईने पाडलेल्या भोकाला ही करडी कड नसते. क्रमांक शाईने लिहिला असेल तर भिंगाखाली शाई तंतूंत मुरलेली दिसते. इंकजेट छपाईत ती बारीक ठिपक्यांची असते. चहात बुडवून ‘जुना’ केलेला कागद दोन्ही बाजूंनी आणि घडीच्या आतही सारखाच पिवळा असतो, तर काळाने पिवळा पडलेला कागद कडांना गडद आणि घडीच्या आत फिका राहतो. टाचणी काढलेली असेल तर तिच्या गंजाचा डागही पाहावा. नव्या टाचणीखाली जुना डाग नसेल, तर कागद आणि टाचणी यांची ओळख अलीकडची आहे.

१०. पावती नाही. पिस्तुलावरच्या ठशांवरून वर्ष कळते का?

पुष्कळदा कळते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मन अग्निशस्त्रांवर उल्म येथील तपासणीगृहाचा सांबरशिंगाचा ठसा आणि वर्ष सांगणारी दोन अक्षरे आढळतात. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, या क्रमाने आय म्हणजे ८ आणि के म्हणजे ९. जे हे अक्षर वगळलेले आहे. म्हणून ‘जी-एफ’ म्हणजे ६५ आणि ‘एच-ए’ म्हणजे ७०. एअर पिस्तुलांना हा ठसा नसतो. त्यांच्यावर पंचकोनात ‘एफ’ असेल तर ते जर्मनीत १९७० नंतर विक्रीसाठी ७.५ ज्यूलच्या मर्यादेत आहे असे समजावे. इंग्रजी पिस्तुलांवर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या तपासणीगृहाचे मुकुटाचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ पासूनचे आहे. ठसा आणि कागदातील वर्ष जुळत नसेल तर प्रश्न १८ पाहावा.

११. पणजोबांच्या पिस्तुलाची पावती उर्दूत आहे आणि तारीख विचित्र आहे. ती कशी वाचावी?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले, त्यामुळे त्या काळचे परवाने व पावत्या उर्दूत असणे स्वाभाविक आहे. तारीख बहुधा फसली सनाची, म्हणजे संस्थानच्या महसुली वर्षाची असते. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या सुरुवातीस आजूर महिन्याने सुरू होई, आणि पुढे दै, बहमन असे महिने येत. आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवावेत, आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१. उदाहरणार्थ, १३५२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३. तारीख हिजरी आहे की फसली, हे आधी पडताळावे. दोन्ही आकडे १३०० च्या घरातले दिसत असल्याने येथे गल्लत फार होते. महिना मोहरम किंवा सफर असेल तर हिजरी, आणि आजूर किंवा बहमन असेल तर फसली, ही सोपी खूण आहे.

किंमत हाली शिक्क्यात (हैदराबाद संस्थानचा रुपया) आहे की कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानच्या) रुपयांत, हेही वाचावे. सात हाली म्हणजे सहा कलदार असा दर होता. कागद वाचून घेण्यासाठी भाषांतर करून देणाऱ्या दुकानाआधी गावातल्या उर्दू शाळेतील एखाद्या निवृत्त गुरुजींकडे जावे. उर्दूचे शिकस्ता म्हणजे घाईने लिहिलेले जुने तुटक वळण वाचणारी पिढी अजून आपल्यात आहे; हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. वाचन चालू असताना मजकूर देवनागरीत वेगळ्या कागदावर उतरवावा, मूळ कागदावर पेनने एक अक्षरही लिहू नये.

१२. आमच्याकडे उन्हाळ्यात ४२ अंश आणि पावसाळ्यात ओल. कागद कसे सांभाळावेत?

लॅमिनेशन मुळीच करू नये. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक परत निघत नाही आणि रबरी शिक्क्याची शाई त्यात पसरते. सेलोटेपही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढाव्यात. प्रत्येक कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात किंवा आम्लरहित कागदात ठेवावा. उग्र वासाच्या पीव्हीसी फोल्डरमध्ये आणि वर्तमानपत्रात नको. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, कारण भिंत दुपारी तापते आणि पावसाळ्यात पाझरते. वाळवी आणि कसर यांच्यासाठी सुकवलेला कडुलिंबाचा पाला कपाटात ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, मात्र पाला कागदाला लागू देऊ नये आणि दर पावसाळ्यापूर्वी बदलावा.

दौलताबाद-खुलताबाद भागातील कागजीपुऱ्याच्या हातकागदावरचे जुने दस्त आजही लवचीक सापडतात, आणि १९७० च्या दशकातील गिरणीच्या कागदावरचे हमीपत्र मात्र घडीवर तुटते. म्हणून काळजी जास्त जुन्या कागदाची नव्हे, तर जास्त हलक्या प्रतीच्या कागदाची घ्यावी. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करावा, कोरी बाजूही वगळू नये.

१३. पिस्तुलाला पॉलिश करून चमकवावे का?

करू नये. मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, गेले की परत येत नाही, आणि पॉलिशने अक्षरांच्या व ठशांच्या कडा बोथट होतात. खोबरेल तेलही वापरू नये, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. शस्त्रांसाठीचे पातळ तेल कापडाला लावून पुसणे पुरेसे आहे. जुन्या एअर पिस्तुलांतील सिंथेटिक सील काळाने चुरा होतात, त्यामुळे ‘पाहू तरी’ म्हणून ते झाडण्यापूर्वी तपासून घ्यावेत. सील बदलल्यास जुना तुकडा आणि दुरुस्तीची चिठ्ठी कागदपत्रांतच ठेवावी.

१४. ओळखीच्या माणसाकडून परवान्यावरचे पिस्तूल विकत घेताना काय पाहावे?

खरेदीदाराच्या परवान्यात त्या शस्त्रासाठी जागा आणि परवानगी हवी. विकणाऱ्याने कलम ५ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस होऊ द्यायचे असतात. त्याआधी पिस्तूल हाती घेऊ नये, ‘घरी नेऊन पाहतो’ म्हणूनही नाही. व्यवहार ठरतानाच कागदांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, कारण पिस्तूल पोहोचल्यावर खोका आणि टार्गेट ‘नंतर देतो’ म्हणून राहिले की ते सहसा येत नाहीत.

१५. निवडणुकीच्या आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात जमा करायला सांगितले आहे. संग्रहाचे नुकसान कसे टाळावे?

आदेश आल्यास वेळेत जमा करावे. नेण्याआधी तेलाचा पातळ थर द्यावा, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि पावतीवर कंपनीचे नाव, नळीचा व्यास व क्रमांक नीट लिहून घ्यावा. क्रमांकातला एक आकडा चुकला तरी परत घेताना खेटे पडतात. मूळ खोका, मुठीचे जादा भाग आणि कागदपत्रे घरीच ठेवावीत, परवान्याचे मूळ पुस्तक मात्र दाखवण्यासाठी बरोबर असावे. परत घेतल्यावर त्याच दिवशी पुसून तेल द्यावे. जमा-पावतीची प्रत फेकू नये. प्रश्न ८ मधल्या दुसऱ्या प्रकारात तिची गणना होते.

१६. परदेशातून पिस्तूल किंवा त्याचे कागद मागवता येतात का? आणि इथले बाहेर पाठवता येतात का?

शस्त्र आणि त्याचे मुख्य भाग आणण्यासाठी किंवा पाठवण्यासाठी कलम १० अन्वये परवाना लागतो; टपालाने मागवून पाहू नये. पुस्तिका, जाहिरातपत्रके, सुटी टार्गेट हे कागद असल्याने त्यांना ही अडचण नाही. उलट दिशेने मात्र कागदांनाही अडचण येऊ शकते. पुरावस्तू व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि हस्तलिखिते व ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज ७५ वर्षांनीच त्या कक्षेत येऊ शकतात; पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. निजाम काळातील परवाना परदेशी संग्राहकाला विकण्याआधी याचा विचार करावा. माझे मत विचाराल तर तो मराठवाड्यातच राहावा.

१७. माझ्या वॉल्थर जीएसपीला .२२ आणि .३२ असे दोन संच आहेत. परवान्यावर एकच पिस्तूल लिहिले आहे. हे चालेल का?

हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. जीएसपीची रचनाच अशी आहे की एकाच सांगाड्यावर .२२ लाँग रायफल आणि .३२ स्मिथ अँड वेसन लाँग अशा दोन्ही जोडण्या बसतात. कायद्यात सूट किरकोळ सुट्या भागांना आहे, आणि नळी किरकोळ भागात मोडत नाही. म्हणून दुसऱ्या संचाची स्वतंत्र नोंद परवान्यावर करून घेण्याचा अर्ज द्यावा, त्याला मूळ विक्रीची पावती आणि भागांच्या तक्त्याचे ते पान जोडावे जेथे दोन्ही संच एकाच पिस्तुलाचे म्हणून छापलेले आहेत. जुने कागद प्रत्यक्ष उपयोगी पडण्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

१८. पिस्तुलाचा आणि टार्गेटवरचा क्रमांक जुळत नाही. किंवा माझ्याकडे फक्त खोका आणि कागद आहेत, पिस्तूल नाहीच. काय करावे?

क्रमांक न जुळणे म्हणजे फसवणूकच असे नाही. क्लबमध्ये एकसारखी पिस्तुले असली की खोके अदलाबदल होतात, आणि दोन घरांचे दोन्ही संच कायमचे चुकलेले राहतात. आपला चुकलेला कागद म्हणजे दुसऱ्या कोणाचा बरोबर कागद असतो. म्हणून क्रमांक खोडून दुरुस्त करणे किंवा लेबल बदलणे हे कधीही करू नये. असे केल्याने दोन पिस्तुलांचा इतिहास एकदमच बिघडतो, आणि परवान्यावरच्या शस्त्राच्या बाबतीत ते गुन्ह्याकडे नेते.

सुट्या कागदांसाठी परवाना लागत नाही. ते वेगळ्या पाकिटात, मिळाल्याचे ठिकाण आणि वर्ष वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावेत. ओळखीच्या संग्राहकांना क्रमांक कळवताना शेवटचे दोन आकडे झाकावेत, आणि जुन्या परवान्याचे छायाचित्र दाखवताना नाव, पत्ता व सहीही झाकावी. खरा मालक ते दोन आकडे स्वतः सांगू शकला, तर कागद त्याला द्यावा. मोबदल्यात त्याच्याकडे अडकलेला आपला कागद निघतो का, हे विचारायला विसरू नये.